तोंडातला चट्टा: काय पाहायचं, किती दिवस थांबायचं आणि इंदुरात कुठे दाखवायचं

तोंडातला चट्टा दाखवायला आलेला माणूस बहुतेक वेळा सुरुवात अशी करतो: "तसं दुखत काहीच नाही." आणि त्याच कारणासाठी तो दोन-चार महिने आलेला नसतो. साधं तोंड येतं तेव्हा पाण्याचा घोटसुद्धा झोंबतो, पण आठ-दहा दिवसांत ते आपोआप भरून येतं. ज्या चट्ट्याची खरी काळजी करायला हवी तो सुरुवातीला जेवताना, बोलताना, दात घासताना काहीही त्रास देत नाही. म्हणून दुखण्यावर भिस्त ठेवू नका, दिवस मोजा. तोंडात नवं काही दिसलं आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, तर ते दंतवैद्याला दाखवायचं. एवढा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत असला तरी खूप झालं.

हा लेख या विषयाची काहीच माहिती नसलेल्यांसाठी आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी नुकतीच इंदूरला आलेली मुलंमुली, दोघांनाही तो उपयोगी पडावा.

आधी आपलं नेहमीचं तोंड ओळखा

महिन्यातून एकदा, दात घासून झाल्यावर, बेसिनच्या आरशासमोर उभे राहा. मोबाईलचा टॉर्च, स्वच्छ धुतलेली बोटं आणि एक स्वच्छ सुती रुमाल लागेल. कवळी असेल तर ती काढून ठेवा. कवळीखालची जागा बघायची राहूनच जाते.

क्रम ठरवून घ्या म्हणजे काही सुटत नाही. आधी ओठ बाहेर ओढून त्यांची आतली बाजू बघा. मग एक-एक गाल बोटाने बाहेर ताणून अगदी शेवटच्या दाढेपर्यंत. मग गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच: तंबाखू, सुपारी, गुटखा खाणारा माणूस पुडी तिथेच दाबून ठेवतो आणि आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाची ही नेहमीची जागा आहे. त्यानंतर जीभ बाहेर काढून वरून बघा, रुमालात टोक धरून एका बाजूला ओढा आणि जिभेची कड बघा, मग दुसरी बाजू. जीभ वर टाळूला लावून तिच्याखालची जागा बघा. शेवटी मान मागे टाकून टाळू. जिभेची कड आणि जिभेखालची जागा यांवर जास्त वेळ द्या, कारण त्या सहज दिसत नाहीत आणि तिथले चट्टे जास्त गांभीर्याने घ्यायचे असतात. जाता जाता जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवून गाठ लागते का तेही बघा.

पहिल्यांदा असं बघणारा माणूस हमखास घाबरतो, कारण तोंडात बऱ्याच गोष्टी नेहमीच्याच असतात आणि आपण त्या कधी पाहिलेल्या नसतात. गालाच्या आत, वरचे-खालचे दात जिथे मिळतात त्या उंचीवर, एक आडवी पांढरी रेघ असते. ती दातांच्या घासण्याने उमटते. ओठांच्या आणि गालांच्या आत रव्याच्या कणांएवढे पिवळसर ठिपके असतात, त्या तेलग्रंथी. जिभेच्या अगदी मागे मोठाल्या उंचवट्यांची इंग्रजी व्ही अक्षरासारखी रांग असते. तिला गाठी समजून धावत आलेली माणसं काही कमी नाहीत. टाळूच्या मध्यावर हाडाचा टणक उंचवटा काही जणांना असतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या हिरड्यांवर काळसर पट्टा असणं अगदी नेहमीचं. जिभेखालच्या निळ्या शिरा वयाबरोबर फुगलेल्या दिसतात. दोन्ही बाजू सारख्या दिसत असतील, तर ती गोष्ट बहुधा तुमच्या तोंडाची ठेवणच आहे. एकाच बाजूला असलेलं, पूर्वी नसलेलं, ते लक्षात ठेवा.

चट्टा सापडला, आता पुढे

त्या दिवशीची तारीख लिहा आणि फोटो काढा. फोटो कुणीतरी दुसऱ्याने, दिवसाच्या उजेडात, गाल नीट ताणून काढला तर बरा. दोन आठवड्यांनी त्याच जागी, तशाच उजेडात पुन्हा काढा. "वाढलाय की तेवढाच आहे?" या प्रश्नाचं उत्तर आठवणीवर सोडण्यापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवलेले केव्हाही चांगले. डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो.

मग तो चट्टा ओल्या रुमालाने हलकेच पुसून बघा. दह्याच्या कवडीसारखा पुसून निघाला आणि खाली लालसर जागा उरली, तर ती बहुधा बुरशी. मधुमेह आटोक्यात नसणारे, नुकत्याच प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतलेले, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणारे आणि रात्रीही कवळी घालून झोपणारे यांना ती होते. औषधाने ती लवकर जाते. पण कुठलंच कारण नसताना झाली किंवा पुन्हा पुन्हा होत राहिली तर साखर तपासायलाच हवी. जोर लावून खरवडू मात्र नका.

पुसून न निघणारा पांढरेपणा गाल ताणल्यावर विरून जातो का, तेही बघा. दोन्ही गालांना दुधाळ झाक असते आणि ताणल्यावर ती दिसेनाशी होते, असं अनेकांचं असतं. त्याला काही करावं लागत नाही.

तिसरं, कारण शोधा. चट्ट्यासमोर तुटलेली दाढ, धारदार कड, टोचणारी कवळी आहे का? दाढदुखीवर ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवण्याची किंवा लवंगेचं तेल ओतण्याची सवय आपल्या घरांत अजून आहे. दोन्हींनी आतली त्वचा भाजते आणि पांढरा पापुद्रा येतो. पानातला चुना जास्त झाला तरी तेच. कारण सापडलं तर ते दूर करा, दंतवैद्याकडून दाताची धार घासून घ्या, कवळी नीट करून घ्या, आणि दोन आठवडे वाट बघा. कारण गेलं तर जखम भरली पाहिजे. नाही भरली, तर ते कारण तिचं नव्हतंच असं समजा आणि दाखवायला जा.

दिसण्यावरून काय कळतं, काय कळत नाही

पुसून न जाणारा आणि दुसऱ्या कुठल्याच आजारात न बसणारा पांढरा चट्टा डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणून लिहितात. तो कर्करोग नव्हे. असे बरेचसे चट्टे कधीच कर्करोगाकडे जात नाहीत, काही जातात. कुठला जाईल हे नुसत्या डोळ्यांनी अनुभवी डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तपासणी.

लाल चट्टा लोकांना पांढऱ्यापेक्षा कमी भीतीचा वाटतो, कारण लाल म्हणजे सूज, उष्णता असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उलट आहे. मखमलीसारखा, ठळक कडांचा, कारण न सापडणारा लाल चट्टा हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले असतील तर त्यालाही तसंच धरायचं. अशा चट्ट्याला दोन आठवड्यांची सवलत देऊ नका, त्याच आठवड्यात दाखवा.

दोन्ही गालांवर पांढऱ्या रेघांची जाळी दिसली, तिखट लागलं की जळजळलं, तर तो लायकेन प्लॅनस नावाचा आजार असू शकतो. तो वर्षानुवर्षं राहतो, कमी-जास्त होतो. औषधाने जळजळ आटोक्यात राहते, पण नियमित दाखवत राहावं लागतं. जिभेवर नकाशासारखे लाल भाग, भोवती पांढरी कड, आणि आज इथे तर चार दिवसांनी तिथे, असं असेल तर निर्धास्त राहा. जागा बदलणारा हा प्रकार निरुपद्रवी आहे. सगळी जीभच लाल आणि गुळगुळीत झाली असेल तर लोह किंवा बी-12 कमी असण्याचा संभव मोठा. शाकाहारी घरांत हे पुष्कळ दिसतं आणि रक्त तपासून कळतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा टाळू पांढरट होऊन त्यावर लाल ठिपके येतात. ओढणं थांबवलं की तो बराचसा पूर्ववत होतो.

तिखट सोसेनासं होणं

या लेखातलं एवढंच वाचलं तरी चालेल, असं मला वाटतं तो भाग हा.

इंदुरात सकाळ पोह्यांनी होते आणि पोह्यांवर जिरावण (तिखटसर मसाला), शेव, कांदा असतोच. अशा शहरात एखादा माणूस हळूहळू म्हणायला लागतो, "माझ्या पोह्यांवर जिरावण नको." मग भाजीत मिरची कमी करायला सांगतो. मग पाणीपुरी सोडतो. घरचे म्हणतात, पित्त झालंय, वय झालंय. आणि हा माणूस पंचविशीतलासुद्धा असतो. अशा माणसाला एकच प्रश्न विचारा: सुपारी खातोस का?

सुपारीने तोंडाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचत जातात. आतली लवचीक त्वचा फिकी, पांढुरकी, ताठ होते. गालात बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या लागतात. आधी जळजळ, मग तोंड कोरडं पडणं, मग शिट्टी वाजवता न येणं, गाल फुगवता न येणं, जीभ पूर्वीइतकी बाहेर न येणं, आणि शेवटी तोंडच नीट न उघडणं. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ या संशोधकाने 1952 मध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, आपल्याकडचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. पहिली नोंद बायकांची आहे हे विसरू नका. "आमच्या घरात कुणी तंबाखूला हात लावत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्या कितीतरी घरांत जेवणानंतर सुपारीची डबी फिरते, बडीशेपेत गोड सुपारी मिसळलेली असते आणि ती लहान मुलांनाही कौतुकाने दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू न घातलेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग निर्माण करणारी ठरवली आहे. डबीवर गोड, सुगंधी, तंबाखूमुक्त असं काहीही लिहिलेलं असो, त्यामुळे सुपारी बदलत नाही.

मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी घातली. पण दुकानात पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा जोडीने मिळतात आणि तळहातावर दोन्ही एकत्र होतात. बंदी आहे म्हणून कॉलेजातला मुलगा सुरक्षित आहे, असं धरून चालू नका.

तपासणी घरच्या घरी होते. तोंड जमेल तेवढं उघडा आणि स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक ठेवून, उभी धरून, वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं सहज गेली तर ठीक. अडीच गेली, ओढून-ताणून गेली, तर दाखवा. दोनच जात असतील तर आज दाखवा. मोजताना स्वतःचीच बोटं वापरा, मुलाच्या तोंडासाठी बापाची नकोत.

यात उशीर किती झाला यावर बरंच काही ठरतं. सुरुवातीला सुपारी पूर्ण बंद केली, व्यायाम आणि औषधं घेतली, तर जळजळ कमी होते आणि आजार तिथेच थांबू शकतो. ताठ झालेले गाल मात्र पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. पुढच्या टप्प्यात गालात इंजेक्शनं आणि त्याहीपुढे शस्त्रक्रिया करतात. या माणसाला कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून सुपारी सुटली तरी तपासण्या सुटत नाहीत.

यांत दोन आठवडेही थांबू नका

कारण नसताना दात हलायला लागणं. दात काढलेली जागा न भरणं. चट्ट्याचा भाग हाताला टणक लागणं किंवा त्यातून सहज रक्त येणं. खालचा ओठ बधिर होणं. मानेत न दुखणारी गाठ. गिळताना अडकणं, एकाच कानात दुखणं आणि कान तपासून काही न सापडणं. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

इंदुरात कुठे जायचं

जवळच्या दंतवैद्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. नीट बघणारा दंतवैद्य चट्टा ओळखतो आणि पुढे पाठवतो. पण इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाच्या जवळ, म्हणजे रिक्षावाल्याला "एमवाय" एवढं सांगितलं तरी पुरतं. सकाळी लवकर जा, आधार कार्ड जवळ ठेवा, ओपीडीची पर्ची काढा आणि ओरल मेडिसिन विभागात दाखवायचं आहे असं सांगा. तोंडातले चट्टे बघणं हे याच विभागाचं काम. तिथे आधी शिकाऊ डॉक्टर तपासतात आणि मग वरिष्ठ बघतात. वेळ लागतो, पण एकाच तोंडावरून दोन-तीन जणांची नजर फिरते, आणि हे चांगलंच आहे.

नव्याने आलेल्या, हिंदी अजून जिभेवर न बसलेल्या माणसाने एवढं पाठ करून जावं: "दो महीने से सफ़ेद दाग है, मिर्च लगती है, मुँह पूरा नहीं खुलता।" किती दिवसांपासून, काय खाता, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, तोंडात कुठल्या बाजूला धरता, चालू असलेली औषधं कुठली, हे विचारतात. सोबत आई किंवा सासरे असतील म्हणून तंबाखू लपवू नका. अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना "एकटं बोलायचं आहे" म्हणा, ते समजून घेतात.

वय 30 च्या वर असेल तर सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात तोंडाची प्राथमिक तपासणी मोफत होते. नुसतं बघून काय होणार, असं वाटत असेल तर केरळातलं एक काम सांगते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, साध्या उजेडात, लोकांची तोंडं तपासली. 2005 साली निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले.

तुकडा काढायचा म्हटलं की

इथे माणसं माघार घेतात. "सुई लावली की पसरतं" हे वाक्य घराघरांत बसलेलं आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. बायोप्सीने, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्याने, कर्करोग पसरत नाही. जागा बधिर करून चट्ट्याचा छोटा तुकडा काढतात, कधी एखादा टाका घालतात, आणि तुम्ही त्याच दिवशी घरी येता. दोन दिवस मऊ, थंड खायचं. साधारण आठवड्याभरात रिपोर्ट येतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका.

रिपोर्टमध्ये डिस्प्लेसिया हा शब्द असेल तर पेशींनी वळण बदललंय, अजून कर्करोग नाही. सौम्य, मध्यम, तीव्र अशी त्याची पायरी लिहिलेली असते आणि त्यावर नुसतं लक्ष ठेवायचं की चट्टा काढून टाकायचा हे ठरतं. कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, लिहिलेलं असेल तर त्याच आठवड्यात कर्करोग शल्यचिकित्सकाकडे जा. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कर्करोगात बहुतेकांवर चांगले उपचार होतात. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात आणि 2024 पासून 70 वर्षं व त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, त्यात घेतलं आहे. पैशांच्या काळजीने घरी बसण्याआधी कार्डाची चौकशी करा.

मधल्या काळात

चट्ट्याला तुरटी, चुना, हळद, मध काही लावू नका. औषधाच्या दुकानातून "छाले की ट्यूब" आणून लावणंही थांबवा: बधिर करणारं मलम दुखणं झाकतं आणि स्टेरॉइडचं मलम बुरशीवर लावलं तर ती वाढते. तंबाखू-सुपारी मात्र आजच बंद, रिपोर्टची वाट न बघता. एकट्याने सुटत नसेल तर 1800-11-2356 या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर समुपदेशक बोलतात. तंबाखूच्या पुडीवरच तो छापलेला असतो.

घरातला वडीलधारा माणूस यायला तयार नसतो तेव्हा कर्करोग हा शब्द आधी काढू नका. "बाबा, ही दाढ गालाला लागतेय, घासून घेऊ, अर्ध्या तासाचं काम आहे" असं म्हटलं तर ते निघतात. काकांना पुतण्यापेक्षा नातीचं ऐकू येतं, तर नातीला पुढे करा. आणि सोबत जाच. पर्चीच्या रांगेत कुणीतरी त्यांच्यासाठी उभं आहे एवढ्यानेही माणूस दुसऱ्यांदा यायला तयार होतो.

दुसऱ्यांदा जावं लागतंच. रिपोर्ट चांगला आला तरी चट्टा जागेवर असेल तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी, पुन्हा दाखवायचं असतं. पहिले फोटो, मूळ रिपोर्ट आणि प्रयोगशाळेने दिलेली तुकड्याची काचेची पट्टी (स्लाइड) एका पिशवीत घालून ठेवा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथे सगळ्यांत आधी हेच मागतात.